वीस वर्षं उशिरा पोचलेले पैसे: एज ऑफ एम्पायर्स 2, डेफिनिटिव्ह एडिशन

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात माझ्या नावापुढे या खेळाचे 412 तास दिसतात. आधीच सांगून टाकते, म्हणजे दोन संध्याकाळ खेळून मत ठोकलं असं कुणी म्हणायला नको. घंटाळीजवळच्या सायबर कॅफेतले तास यात धरलेले नाहीत, कारण त्यांचा हिशोब कुठे लिहिलेलाच नाही. त्या तासांचे पैसेही कुणाला दिलेले नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं.

2002 साल, माझं बारावीचं वर्ष. मावसभावाचा तळमजल्यावरचा गाळा, सहा मशीन, एक पंखा, ताशी 20 रुपये. गिऱ्हाईक यायचं संध्याकाळी. दुपारी 2 ते 4 मशीन मोकळी असायची, म्हणून त्या वेळात मला फुकट. डिस्क ठाणे स्टेशनजवळच्या फुटपाथवरची, पांढऱ्या पाकिटात, वर हिरव्या मार्करने "एज 2". डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजने हा खेळ बनवला, मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये बाजारात आणला, आणि माझ्यापर्यंत येताना त्यातला एक पैसाही त्या दोघांपैकी कुणाच्या वाट्याला गेला नाही. तेव्हा हा विचार डोक्यात आलाही नव्हता. आमच्या ओळखीतले सगळे असेच खेळत.

हा मावसभाऊ म्हणजे माझा दादा. तो समोरच्या मशीनवर बसायचा आणि माझं टाउन सेंटर, म्हणजे गावाची मुख्य इमारत, पडायला आलं की चॅटमध्ये 11 टाइप करायचा. 11 टाकलं की खेळात एक माणूस खदाखदा हसतो. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा की मी एकदा स्पीकरची वायरच उपटली होती.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुमच्याकडे सुरुवातीला तीन व्हिलेजर, म्हणजे गावकरी, असतात, एक टेहळणीवाला घोडेस्वार आणि एक टाउन सेंटर. व्हिलेजर मेंढ्या कापतात, लाकूड तोडतात, सोनं खणतात. 50 अन्न दिलं की 25 सेकंदांत नवीन व्हिलेजर तयार. त्यातून घरं, शेतं, बराकी, मग सैन्य, मग शेजाऱ्यावर चाल. वरवर लढाईचा खेळ, पण हरता-जिंकता येतं ते हिशोबावर. पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर किती वेळ रिकामं बसलं, यावर पुढचा अर्धा तास कसा जाणार हे ठरून गेलेलं असतं. माझ्या सासूबाईंना यातल्या मेंढ्यांचा आवाज तेवढा आवडतो. मी हेडफोन न लावता बसले की आतून विचारतात, "सापडली का गं तुझी मेंढरं?"

आता नोकरीची गोष्ट, कारण ती या खेळापासून मला वेगळी करता येत नाही.

2007 मध्ये मी महाप्याला एका बॅक ऑफिसात लागले. संध्याकाळी साडेसातला तीन हात नाक्यावर कंपनीची कॅब यायची, पहाटे परत. काम अमेरिकेतल्या गृहकर्जांच्या फायली तपासण्याचं. सही आहे का, तारीख जुळते का, रकाना रिकामा नाही ना. काही कर्जांना "स्टेटेड इनकम" म्हणत. म्हणजे कर्जदाराने आपलं उत्पन्न सांगायचं आणि बँकेने ते मान्य करायचं, पुरावा नाही. मी नवीन होते, मी टीम लीडरला विचारलं की हा माणूस खरंच इतकं कमावतो का. तो म्हणाला, "आपल्याला रकाना भरलाय का एवढंच बघायचं. खरं-खोटं बघायचे पैसे आपल्याला देत नाहीत." मी पुन्हा विचारलं नाही. फ्लोरिडातल्या, ॲरिझोनातल्या घरांच्या कागदांवर हिरव्या टिचक्या मारत राहिले.

15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली. त्या वर्षी जानेवारीत 21 हजारांच्या वर जाऊन आलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात 8 हजारांच्या आसपास आला. आमच्याकडे दिवसाला माझ्या वाट्याला चाळीस फायली यायच्या, त्या दिवाळीनंतर बारावर आल्या. जानेवारीत नऊ जणांना एका मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि नारळ दिला. नववी मी. एचआरच्या मुलीने पाण्याची बाटली पुढे केली होती. आम्ही सगळ्यांनी ती घेतली आणि कुणीच उघडली नाही.

मग मी परत दुपारची दादाच्या कॅफेत. तोवर तिथे दोन मशीन बंद पडली होती. फेब्रुवारीतली एक दुपार अजून लख्ख आठवते. आमचा सामना तासाभराचा झाला होता आणि मी 200 वर अडकले होते. या खेळात तुमची माणसं सहसा 200 च्या वर जात नाहीत, व्हिलेजर आणि सैनिक सगळे धरून. माझे 130 व्हिलेजर होते, सोनं संपत आलेलं, आणि दादाचे हत्ती दारात. दादा स्वतः हल्ला करत असून वर शिकवत होता: "अगं, व्हिलेजर काढ की. निवड आणि डिलीट दाब. जागा होईल, घोडेस्वार बनव." मला हे माहीतच नव्हतं. मी एका शेतकऱ्यावर क्लिक केलं, डिलीट दाबलं. एक छोटासा आवाज आला, तो शेतात आडवा झाला, आणि वरचा आकडा 199 झाला. दुसरा. तिसरा. मी मोजत होते की नव्हते ते नक्की सांगता येणार नाही, पण नवव्यानंतर थांबले. दादाला काही कळलं नाही, त्याने 11 टाकलं.

एन्सेम्बल बंद झाल्याचं मला त्याच दिवसांत कळलं, त्याच कॅफेत, एका मशीनवर कुणीतरी उघडं ठेवलेल्या पानावरून. मला वाटलं, घ्या, लेहमनने यांनाही नेलं. बरीच वर्षं मी लोकांना तसंच सांगायचे. नंतर तारखा नीट पाहिल्या तेव्हा लक्षात आलं की तसं नव्हतं. हातातला "हॅलो वॉर्स" हा खेळ पूर्ण झाला की स्टुडिओ बंद करायचा, हे मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं ते लेहमन बुडण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. स्टुडिओत हॅलोवरच एक मोठा ऑनलाइन खेळ आकार घेत होता, तो त्याच्याही आधी रद्द झाला होता. म्हणजे निर्णय मंदीच्या बातमीआधीचा. मंदीने एवढंच केलं की 22 जानेवारी 2009 ला मायक्रोसॉफ्टने 5 हजार नोकऱ्या कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्याच आठवडाभरात, 29 तारखेला, एन्सेम्बलला कुलूप लागलं तेव्हा कुणाला त्याचं वेगळं काही वाटलं नाही. त्या महिन्यात सगळीकडे तेच चाललं होतं. लाखो प्रती विकणारा स्टुडिओ एरवी बंद केला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

मला हे ओळखीचं वाटतं, कारण आमच्या नऊ जणांतल्या दोघांच्या नावावर नोव्हेंबरातच टिक लागली होती, असं नंतर कळलं.

एक गोष्ट मात्र कळायला वेळ लागला. मंदीत लोक खेळायचे थांबत नाहीत. 2008 मध्ये अमेरिकेत गेम आणि मशीन मिळून 21 अब्ज डॉलरच्या वर विक्री झाली, तोवरचा उच्चांक. 2009 मध्ये ती साधारण 8 टक्क्यांनी उतरली. आठ टक्के म्हणजे कळ लागते, पण जीव जात नाही. जीव जातो उधारीवर. स्ट्रॅटेजी खेळ बनायला तीन-चार वर्षं लागतात, तेवढा काळ पन्नास-शंभर माणसांचा पगार चालू असतो आणि हातात विकायला काही नसतं. प्रकाशक हप्त्याहप्त्याने पैसे देतो. बँकेने त्याचा हात आवळला की तो आधी ते पान फाडतो ज्यावरची कमाई सगळ्यात लांब आहे. नाताळात येणारा बंदुकीचा खेळ राहतो. तीन वर्षांनी येणारा, नकाशे आणि शेतांचा खेळ जातो.

बिग ह्यूज गेम्स या स्टुडिओचं बघा. "एज ऑफ एम्पायर्स 3"ला 2007 मध्ये "द एशियन डायनॅस्टीज" ही भर त्यांनी केली, आणि त्यातच आपला भारत आला. जानेवारी 2008 मध्ये टीएचक्यू या प्रकाशकाने त्यांना विकत घेतलं. वर्षभरात टीएचक्यूलाच दम लागला आणि मार्च 2009 मध्ये त्यांनी सांगितलं की गिऱ्हाईक मिळालं तर विकू, नाहीतर बंद करू. 38 स्टुडिओज नावाच्या कंपनीने मे महिन्यात घेतलं. ती ऱ्होड आयलंड राज्य सरकारच्या हमीवरच्या 75 दशलक्ष डॉलरच्या कर्जावर उभी होती आणि मे 2012 मध्ये कोसळली, बिग ह्यूजला सोबत घेऊन. सहा-सात महिन्यांनी टीएचक्यू स्वतः दिवाळखोरीत गेली. तिच्याकडचा रेलिक, म्हणजे "कंपनी ऑफ हीरोज"वाला स्टुडिओ, लिलावात सेगा या जपानी कंपनीने 26.6 दशलक्ष डॉलरला उचलला. 2024 मध्ये सेगानेही त्याला सोडून दिलं. भाड्याच्या घरात वाढलेल्या पोरासारखं, दर काही वर्षांनी नवा मालक.

एन्सेम्बलच्या माणसांतले काही बॉनफायर नावाच्या स्टुडिओत गेले. 2010 मध्ये झिंगा या गेम कंपनीने तो घेतला. 2013 च्या जूनमध्ये झिंगाने 520 लोक कमी केले आणि या बॉनफायरवाल्यांचं डॅलसचं ऑफिसही बंद केलं. मला त्या लोकांपैकी कुणाचं नाव माहीत नाही. पण साडेचार वर्षांत दोनदा बाटलीभर पाणी पुढे आलेलं असणार.

बरं, खेळाकडे येते, नाहीतर दादा म्हणेल तू नेहमीसारखी कर्जावरच घसरलीस.

स्टुडिओ गेला तरी खेळ राहिला तो लोकांमुळे. 2012 मध्ये काही चाहत्यांनी आपल्या मनाने, फुकटात, जुन्या खेळात नवीन राज्यं घालून "फरगॉटन एम्पायर्स" नावाचा मॉड काढला. एप्रिल 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने खेळाची एचडी आवृत्ती आणली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच चाहत्यांचं काम "द फरगॉटन" नावाने अधिकृतपणे विकायला काढलं. पुढे आणखी दोन भर, आणि 14 नोव्हेंबर 2019 ला ही डेफिनिटिव्ह एडिशन, त्याच फरगॉटन एम्पायर्सच्या हातची. प्रकाशकाच्या बाजूने बघितलं तर यापेक्षा स्वस्त व्यवहार नाही. नाव जुनं, गिऱ्हाईक आधीपासूनचं, नियम पक्के झालेले, काय आवडतं ते वीस वर्षं तपासलेलं. हात आखडता घ्यायचा असेल तेव्हा हेच करतात. मधल्या काळात त्यांनी फुकट खेळायचा "एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन" काढून बघितला होता, 2011 मध्ये, कार्टूनसारखी माणसं आणि दुकानात वेगळं सामान. 2014 मध्ये तो बंद झाला. नवीन माल विटला, जुना मुरला.

मी डेफिनिटिव्ह एडिशन घेतली जून 2022 च्या शेवटी, उन्हाळी सेलमध्ये, दोन मोठ्या पिझ्झांच्या पैशांत. या खेळावर मी खर्च केलेला तो पहिला रुपया. यूपीआयचा "टिंग" आला आणि मला एकदम विचित्र वाटलं. ज्यांच्या कामाचे हे पैसे होते ते साडेतेरा वर्षांपूर्वीच घरी गेले होते.

लॅपटॉपबद्दल एक सावधगिरी. माझा सेकंडहँड आहे, वाशीतल्या एका दुकानातून घेतलेला, 16 जीबी म्हणून सांगितलेली रॅम घरी आल्यावर 8 निघाली. बिलावर आकडाच नव्हता, त्यामुळे भांडायला काही उरलं नाही. फायली तपासून पगार घेणाऱ्या बाईने बिल तपासलं नाही, हे मी घरात अजून नीट कबूल केलेलं नाही. तरीही हा खेळ त्या 8 जीबीवर चालतो. जास्त बारीक चित्रांचा एक वेगळा पॅक फुकट मिळतो, तो मी उतरवला आणि दोन दिवसांत काढला. त्याच्याशिवाय झाडांची पानं थोडी कमी दिसतात, बाकी काही बिघडत नाही. आठ जणांचा सामना मात्र शेवटाकडे चिखलातून चालल्यासारखा होतो.

सगळ्यात मोठा फरक शेतांचा. कॅफेच्या दिवसांत शेत संपलं की लक्ष ठेवून परत पेरावं लागायचं. लढाईच्या भरात विसरलं की दहा शेतकरी बांधावर उभे. आता एकदा सांगून ठेवलं की 60 लाकूड आपोआप वजा होतं आणि शेत परत उभं राहतं. वर एका पट्टीत काय काय तयार होतंय ते सगळं दिसतं. नवख्यांसाठी "आर्ट ऑफ वॉर" म्हणून धडे आहेत, त्यात किती मिनिटांत काय उभारलं यावर सोनं, रुपं, कांस्य मिळतं. माझ्या सातवीतल्या मुलाला त्यात पहिल्याच दिवशी सोनं मिळालं. मला आठवडा लागला. हे त्याने शाळेत सांगितलंय.

आवाज मात्र जुनेच हवे होते मला. संगीत नव्याने वाजवलंय, छान आहे, पण त्या दुपारच्या खरखरीत स्पीकरमधलं नाही. हा दोष त्यांचा नाही.

माझ्या कामाच्या नजरेने या खेळातली सगळ्यात सुंदर इमारत म्हणजे बाजार. सुरुवातीला 100 लाकूड विकलं की 70 सोनं हातात येतं, 30 टक्के दलाली. परत 100 विका, 67. परत विका, 65. प्रत्येक विक्रीला भाव उतरतो. आणि गंमत अशी की हा भाव सगळ्या खेळाडूंना एकच असतो. दादाने तिकडे त्याच्या कोपऱ्यात घाबरून लाकूड ओतलं की इकडे माझ्या लाकडाचा भाव पडतो, मी काहीही न करता. मी मुलाला 2008 असंच समजावलं. त्याला म्हटलं, समज तिकडे कुणीतरी खोटं लाकूड विकायला आणलं होतं, आणि मी त्याच्या पावतीवर टिक मारत होते. तो म्हणाला, "मग तुला का काढलं, तू तर टिक मारलीस ना?"

सामना लांबला की नकाशावरचं सोनं संपतं. मग ज्यांना सोनं लागत नाही अशीच माणसं उरतात: भालेवाले, भालाफेके, हलके घोडेस्वार. खेळाडू याला "ट्रॅश वॉर" म्हणतात. दिसायला कंगाल, पण मला सामन्याचा हाच भाग आवडतो. महागडं सगळं संपलेलं असतं आणि कुणाकडे लाकूड-धान्याची घडी नीट बसलेली आहे ते उघडं पडतं. पॅराडॉक्स ही स्वीडनची कंपनी अशीच वागते असं माझं मत आहे. "युरोपा युनिव्हर्सॅलिस 4" त्यांनी 2013 मध्ये काढला आणि दहा वर्षं त्याला लहान लहान भर जोडत विकत राहिले. दिसायला नकाशा आणि आकडे, पण घडी बसलेली.

उलट टोकाला एम्ब्रेसर, स्टुडिओ विकत घेत सुटलेली एक कंपनी. करोनाच्या काळात सगळे घरात होते, कर्ज स्वस्त होतं, आणि प्रकाशक स्टुडिओ विकत घेत सुटले होते. माझ्या भाच्याला 2020 च्या मेमध्ये "सिव्हिलायझेशन 6" एपिकच्या दुकानातून चक्क फुकट मिळाला होता, आठवडाभर वाटत होते. मग व्याजदर चढले. मे 2023 मध्ये एम्ब्रेसरचा 2 अब्ज डॉलरचा एक सौदा शेवटच्या क्षणी फिसकटला, जूनमध्ये काटछाट जाहीर झाली आणि पुढे वर्षभर स्टुडिओ बंद होत, विकले जात राहिले. जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधले 1,900 लोक कमी केले. यातला कुठलाच काळ लोक खेळत नव्हते असा नव्हता. मी आता काम करते त्या ऐरोलीच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्या महिन्यात टेबलांवर हळू आवाजात बोलणं सुरू झालं होतं. तो आवाज एकदा ऐकला की परत ओळखता येतो.

एक चांगली गोष्टही सांगते. सेगाच्या "टोटल वॉर: फेरो"ला 2023 च्या ऑक्टोबरात गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा दोन महिन्यांत त्यांनी किंमत उतरवली आणि आधी घेतलेल्यांना फरकाचे पैसे परत केले. तंगीत प्रकाशक सहसा उलटं करतात.

टोटल वॉरचं नाव निघालंच आहे तर मुलाचा प्रश्न. "डायनॅस्टीज ऑफ इंडिया" हा पॅक मी खेळासोबतच घेतला. एप्रिल 2022 मध्ये आला होता. 2013 पासून खेळात "इंडियन्स" नावाचं एकच गाठोडं होतं, ते यात सोडलं: हिंदुस्थानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली. राजेंद्र चोळाची मोहीम आहे, देवपालाची आहे, बाबराचीही. चोळांची जहाजं घेऊन समुद्र ओलांडायचा भाग मी तीनदा खेळले. गुर्जरांचे चक्र फेकणारे शिपाई बघून सासूबाई मेंढ्या सोडून पहिल्यांदा पडद्याजवळ आल्या. मुलाने पॅक पूर्ण उलटापालटा करून विचारलं, "आई, शिवाजी महाराज कुठेत?" हा खेळ साधारण 1600 ला थांबतो, महाराजांचा जन्म 1630 चा. तीस वर्षांनी हुकले. त्याचं समाधान झालं नाही. मराठे खेळायचे असतील तर "एम्पायर: टोटल वॉर" आहे, मार्च 2009 चा, मंदीच्या अगदी तळाशी आलेला. तेव्हा दादाच्या मशीनवर तो सुरूही झाला नव्हता. काळा पडदा आणि पंख्याचा आवाज.

तक्रार म्हणाल तर पॅकच्या रांगेची आहे. मूळ खेळ स्वस्त, पण मागोमाग येणारे पॅक सगळे घ्यायला गेलं तर मूळ किमतीच्या कितीतरी पट जातात, आणि कुठल्यात काय आहे ते दुकानाच्या पानावर समजून घेणं म्हणजे एलआयसीचा फॉर्म भरणं. मे 2025 चा चीनच्या तीन राज्यांचा पॅक मला पटला नाही. तिसऱ्या शतकातली माणसं मध्ययुगात आणून बसवलीत, आणि महाराजांना मात्र तीस वर्षांसाठी प्रवेश नाही. दुसरी तक्रार अनोळखी लोकांशी खेळण्याची. खालच्या पायरीवर मुद्दाम हरून उतरलेले पट्टीचे खेळाडू येतात आणि नवख्यांना बारा मिनिटांत झोपवतात. ओळखीतल्या कुणाला तरी धरून सुरुवात करा. रँक्ड, म्हणजे क्रमवारीच्या, सामन्यांआधी खेळ मशीनची चाचणी घेतो, त्यात जुना लॅपटॉप गळाला तर निराश होऊ नका, कॉम्प्युटरविरुद्ध खेळण्यातही वर्ष सहज जातं.

घ्यायचा असेल तर आधी मूळ खेळ घ्या, सेलमध्ये घ्या, महिनाभर खेळा. त्यानंतर भारताचा पॅक. बाकीचे कुणी भेट दिले तर.

दादाचा कॅफे 2013 मध्ये बंद झाला. त्याच गाळ्यात तो आता मोबाइल दुरुस्ती करतो, काचा बसवतो. खेळ मी त्याला वाढदिवसाला भेट दिला. शुक्रवारी रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून तो ठाण्यातून आणि मी ऐरोलीतून, मध्ये खाडी. 11 टाइप करायची त्याची सवय गेलेली नाही. मीही 200 ला पोचले की हल्ली सरळ डिलीट दाबते, पंधरा-वीस एका वेळी, नाहीतर त्याच्या हत्तींपुढे निभाव लागत नाही.

2024 च्या नोव्हेंबरात "बॅटल फॉर ग्रीस" हा पॅक आला. मी तो पहिल्याच आठवड्यात घेतला, पूर्ण किमतीत. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? जूनपर्यंत थांबली असतीस तर अर्ध्यात पडला असता."

"पडला असता," मी म्हटलं, आणि मेंढ्या शोधायला लागले.